आतड्यात न शिरता आतडे पाहणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे पाठविले तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही बोलू, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. तीस वर्षांवर आमची जीभ त्याच विषयांवर चालली आहे. आम्ही विषय कळविला तो मोठ्या आतड्याच्या तपासणीचा. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग हळूच म्हणाले, "बायामाणसेही ऐकायला येतात हो, जरा जपून बोला." त्यांचे म्हणणे आम्ही मनावर घेतले, परंतु विषय बदलला नाही. तो बदलला असता, तर ज्या संकोचाविषयी बोलावयाचे त्याच संकोचापुढे प्रारंभीच हार खाल्ल्यासारखे झाले असते.

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण फाउंड्रीतील साच्यांजवळ, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. येथे जे सांगणार ते वाचून, जाणत्यांना विचारून आणि थोडेसे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मिळविलेले आहे. एखाद्या रोग्याने काय करावे हे त्याच्या डॉक्टरानेच सांगावयाचे. यंत्र काय करते, काय करू शकत नाही आणि त्याच्याकडे कोणी केव्हा जावे, एवढेच समजावून देण्याचा आमचा हेतू आहे.

या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या कारखान्यात मोल्डिंग खात्यात एक वयस्क कामगार होते. सारे त्यांना मामा म्हणत. २०१२ साली व्यवस्थापनाने त्यांना नोटीस दिली की, पाळीच्या वेळात ते वारंवार संडासात जातात आणि कामाचा वेळ बुडवितात. किती वाजता गेले, किती वाजता परतले, सारे मिनिटांनिशी लिहिलेले. आम्ही भडकलो. माणसाच्या देहधर्मावर घड्याळ लावणारे हे कोण, असे गेटसभेत गरजलो, आठ दिवस भांडलो आणि नोटीस मागे घ्यावयास लावली. मामांच्या गळ्यात हार घातला. परंतु पन्नाशी उलटलेला, कामाला कधी न चुकणारा माणूस एका पाळीत चार-चार वेळा का जातो, हा साधा प्रश्न व्यवस्थापनाला सुचला नाही, आणि आम्हांलाही सुचला नाही. मामांना रक्त पडत होते. घरी विचारले की ते म्हणत, "मूळव्याध हाय गं, उष्णतेनं हुतंय." कारखान्याच्या डॉक्टरांनीही न तपासता मलम लिहून दिले.

२०१४ साली मामांचे पोट फुगले आणि मग दुर्बिणीची तपासणी झाली. आतड्यातील गाठ इतकी वाढली होती की दुर्बीण तिच्यापलीकडे जाईना. एकाच आतड्यात दोन ठिकाणी गाठी असू शकतात. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी पलीकडचा भाग पाहणे सर्जनना आवश्यक वाटले, आणि त्यासाठी त्यांनी एक निराळी तपासणी करविली. तिचे नाव आभासी कोलोनोस्कोपी. क्ष-किरणतज्ज्ञांनी आम्हांला संगणकाच्या पडद्यासमोर बसविले आणि म्हणाले, "चला, मामांच्या आतड्यातून फेरी मारून येऊ." पडद्यावर एक गुलाबी बोगदा उघडला. आम्ही त्यातून पुढे पुढे सरकू लागलो. वळणे आली, भिंतींच्या घड्या आल्या आणि एका वळणावर वाट अडवून बसलेला तो डोंगर दिसला. आमच्यासारख्या अडाण्यालाही तो ओळखू आला. मामा २०१५ साली गेले. त्या पडद्यावर आम्ही जे पाहिले ते कसे दिसले, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला.

मोठे आतडे म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची नळी. पोटाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तिचा आरंभ होतो. ती वर चढते, आडवी जाते, डावीकडे उतरते आणि नागमोडी वळण घेऊन गुदाशयाला मिळते. हिच्या आतल्या अस्तरावर काही माणसांत, विशेषतः उतारवयात, बारीक कोंब फुटतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात, आपण मांसांकुर म्हणू. काही देठावर उगवलेल्या अळंब्यासारखे असतात, काही बसक्या उंचवट्यासारखे, तर काही जवळजवळ सपाट. बहुतेक मांसांकुर जन्मभर निरुपद्रवी राहतात. परंतु मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग अशाच एखाद्या मांसांकुरातून वाढतात. या वाढीला सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. मांसांकुराचा आकार दहा मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण हरभऱ्याच्या दाण्याच्या, पुढे गेला की धोका वाढतो.

या दहा वर्षांतच सारे मर्म आहे. २०२२ सालच्या जागतिक मोजणीत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग दुसऱ्या क्रमांकावर होता. असा हा घातकी रोग येण्यापूर्वी इतकी वर्षे दाराशी बसून असतो. त्या अवधीत मांसांकुर सापडला आणि काढला, तर कर्करोग व्हावयाचाच टळतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात असे दिसून आले की, मांसांकुर काढून टाकलेल्या लोकांत या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले. प्रश्न एवढाच की, दुखत नाही, खुपत नाही आणि बाहेरून दिसत नाही असा हा दाणा शोधावा कसा?

फाउंड्रीतल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. ओतकामात हवा अडकली की कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. तिला आम्ही ब्लोहोल म्हणतो. बाहेरून कास्टिंग सुबक दिसते, परंतु मशिनिंगला गेले की पोकळी उघडी पडते आणि साऱ्यांची मेहनत भंगारात जाते. ती आधी पाहावयाची तर एखादे कास्टिंग कापून पाहावे लागे. माणूस असा कापून पाहता येत नाही.

१८९५ साली जर्मनीत व्हिल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि न कापता आत पाहण्याचा पहिला मार्ग मिळाला. पण क्ष-किरणांचे साधे चित्र म्हणजे सावली. हाडाची सावली गडद पडते, आतड्याची जवळजवळ पडतच नाही. म्हणून गुदद्वारातून बेरियमचे पांढरे द्रव आत सोडून त्याची सावली पाहण्याची पद्धत निघाली, आणि पुष्कळ वर्षे ती चालली. दुसरा मार्ग दुर्बिणीचा. काचेच्या केसासारख्या तंतूंची जुडी वाकविली तरी तिच्यातून चित्र जाते, हे लंडनमध्ये हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली दाखविले. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी लवचिक दुर्बीण मोठ्या आतड्यात नेऊन, तारेच्या फासाने तेथल्या तेथे मांसांकुर काढून दाखविला. पोट न फाडता! ही गोष्ट लहान नव्हे. आजही दुर्बिणीची तपासणी हीच या कामातली कसोटी मानली जाते. मात्र तिच्यासाठी बोटाएवढ्या जाडीची नळी आतड्याच्या टोकापर्यंत सरकवावी लागते. बहुधा गुंगीचे औषध द्यावे लागते, घरी न्यावयास सोबत कोणी लागते. क्वचित, हजारात एखाद्या रोग्यास किंवा त्याहूनही कमी जणांस, आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो. या साऱ्याला भिऊन आणि त्याहून अधिक लाजून पुष्कळ लोक तपासणीच टाळतात.

तिसरा मार्ग सी. टी. स्कॅनचा. तो ज्याने काढला त्या माणसाविषयी आम्हांला विशेष आपुलकी वाटते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा इंग्लंडमधील शेतकऱ्याचा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्याने घेतली नव्हती. हवाईदलात रडारचे काम शिकला, विद्युत अभियांत्रिकीचा डिप्लोमा मिळविला आणि ई. एम. आय. कंपनीत लागला. कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या एच. एम. व्ही. तबकड्या आपल्या वाडवडिलांनी ऐकल्या, त्यांच्यामागची ही कंपनी. त्याच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. याच प्रश्नाचे गणित ॲलन कॉर्मॅक या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९६३ व १९६४ साली मांडले होते, परंतु तेव्हा त्याची फारशी कोणी दखल घेतली नव्हती. १९७९ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या यंत्रामागचा विचार कोड्यासारखा आहे. चार घरांचा एक चौकोन घ्या. प्रत्येक घरात एक आकडा लपविला आहे. आम्ही फक्त बेरजा सांगतो. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ११, डाव्या उभ्या रांगेची ८, उजवीची १०. एवढ्यावरून आकडे निश्चित होत नाहीत. वर ५ आणि २ असतील किंवा ४ आणि ३ असतील. पण वरच्या डाव्या घरापासून खालच्या उजव्या घरापर्यंत तिरपी बेरीज १३ आहे, असे सांगितले की कोडे सुटते. वर ५ आणि २, खाली ३ आणि ८. दुसरे उत्तरच संभवत नाही. क्ष-किरण शरीरातून आरपार जातो तेव्हा वाटेतल्या प्रत्येक कणाने त्याचा किती अंश शोषला याची तो एक बेरीज घेऊन बाहेर येतो. आडव्या, उभ्या, तिरप्या अशा असंख्य दिशांनी या बेरजा घेतल्या, तर प्रत्येक कणाचा आकडा संगणकाला काढता येतो. हाउन्सफील्डच्या पहिल्या चित्रात ८० गुणिले ८० घरे होती. आज एका कापात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांहून अधिक घरे असतात. काप एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे घेतात. पोटाचे असे चारशे काप धरले, तर दहा कोटींहून अधिक आकडे होतात.

या आकड्यांचे मापही हाउन्सफील्डच्याच नावाने ओळखले जाते. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे १०००, चरबीचा शून्याच्या थोडा खाली, मांसाचा थोडा वर आणि कठीण हाडाचा पुष्कळ वर. आता आतड्यात हवा भरली तर काय होईल? आत उणे १०००, आणि त्याला लागून असलेली भिंत शून्याच्या वर. सीमारेषा इतकी ठळक की संगणकाला चुकावयाचे म्हटले तरी कठीण. आमच्या धंद्यात पोकळ कास्टिंग ओतताना साच्यात वाळूचा कोअर ठेवतात. कोअरचा बाहेरचा पृष्ठभाग जसा, तसाच कास्टिंगचा आतला पृष्ठभाग उमटतो. येथे आतड्यातली हवा हाच कोअर समजा. उणे १००० आकड्यांचा तो लांबलचक, वाकडातिकडा कोअर संगणक शोधून काढतो. त्याच्या पृष्ठभागावरून आतड्याच्या भिंतीचे चित्र रचतो, त्यावर एका बाजूने उजेड पडल्यासारखी छाया देतो आणि पोकळीच्या मधोमध एक वाट आखतो. त्या वाटेवरून पाहणाऱ्याची नजर पुढे सरकत जाते. गुलाबी रंगही संगणकाचाच. आकड्यांना रंग नसतो.

सी. टी. यंत्राच्या कापांवरून आतड्यातून असा प्रवास घडविण्याची कल्पना अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डॉ. डेव्हिड वायनिंग यांनी १९९४ साली आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडली. त्यापूर्वी काही वर्षे सी. टी. यंत्र मळसूत्रासारखे फिरत एका श्वासात सलग चित्रे घेऊ लागले होते, म्हणून हे शक्य झाले. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक आरी कॉफमन आणि त्यांचे सहकारी याच कामाला लागले. "आभासी" हे नाव मात्र थोडे फसवे आहे. प्रवास आभासी खरा, कारण आत कोणी गेलेले नसते. परंतु ज्या आकड्यांवरून तो रचला ते त्या माणसाच्या देहातून मोजून घेतलेले असतात. तो चित्रकाराच्या कल्पनेचा खेळ नव्हे.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते आता पाहू. आदल्या दिवशी हलके, कोंडा व साली नसलेले अन्न घ्यावयाचे आणि जुलाबाचे औषध पिऊन आतडे स्वच्छ करावयाचे. हा भाग कोणालाच आवडत नाही, आणि दुर्बिणीच्या तपासणीतही तो सुटत नाही. त्याबरोबर बेरियम किंवा आयोडीन असलेले थोडे औषध पाजतात. त्याने आत राहिलेला मळ व पाणी चित्रात पांढरे उठून दिसते. मग संगणक तेवढा पांढरा भाग चित्रातून पुसून टाकू शकतो. यंत्राच्या टेबलावर कुशीवर झोपवून गुदद्वारात एक बारीक मऊ नळी थोडीशी सरकवितात आणि तिच्यातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडतात. पोट फुगल्यासारखे, वळ आल्यासारखे वाटते. पण हा वायू रक्तात लवकर शोषला जातो आणि श्वासावाटे निघून जातो. मग एकदा पाठीवर आणि एकदा पोटावर निजवून, काही सेकंद श्वास रोखून चित्रे घेतात. दोन्ही अंगांवर का? कारण माणूस पालथा झाला की सुटा मळ आणि पाणी जागा बदलते, मांसांकुर मात्र आपल्या जागी चिकटून राहतो. खरे-खोटे ओळखण्याची इतकी साधी युक्ती या अवघड यंत्रात आहे, याचे आम्हांला फार कौतुक वाटले.

टेबलावरचे काम सुमारे पाव तासाचे. गुंगी नसते, त्यामुळे माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर येतो आणि त्याच दिवशी कामावर जाऊ शकतो. ज्याची मजुरी दिवसावर आहे त्याच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

खरे कष्ट पुढे क्ष-किरणतज्ज्ञांचे. ते त्या बोगद्यातून गुदाशयापासून टोकापर्यंत जातात आणि उलट परत येतात. घाटातून चढताना वळणाची जी बाजू दिसत नाही ती उतरताना दिसते, त्याप्रमाणे आतड्याच्या घड्यांमागे दडलेला मांसांकुर परतीच्या वाटेवर सापडतो. पाहिलेला भाग रंगवून न पाहिलेला भाग वेगळा दाखविणाऱ्या संगणक-प्रणालीही आहेत. काही प्रणाली संशयास्पद उंचवट्यावर आपण होऊन खूण करतात. संशय आला की तज्ज्ञ तो सपाट कापात पुन्हा पाहतात. आत चरबी आहे की मळ आहे की मांस आहे, हे आकड्यावरून कळते. अखेरचा निर्णय माणसाच्याच डोळ्यांचा.

हे चित्र कितपत विश्वासार्ह आहे? २००३ साली डॉ. पेरी पिकहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन सैन्याच्या रुग्णालयांत केलेली कसोटी प्रसिद्ध झाली. कोणतीही तक्रार नसलेल्या १,२३३ माणसांची दोन्ही तपासण्या एकाच दिवशी केल्या. दुर्बीणवाल्याला आभासी तपासणीचा निकाल आधी सांगितला नाही. आतड्याचा एक-एक भाग पाहून झाला की मगच त्या भागापुरता तो सांगितला, आणि तफावत असेल तर पुन्हा पाहावयास लावले. धोक्याच्या जातीचे दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठे मांसांकुर असलेल्या दर शंभर माणसांपैकी आभासी तपासणीला सुमारे ९४ सापडली आणि पहिल्या पाहणीत दुर्बिणीला सुमारे ८८. सहा मिलिमीटरपर्यंतचे लहान धरले, तर पारडे उलट झाले. आभासी तपासणी सुमारे ८९, दुर्बीण ९२. पुढे २००८ साली अमेरिकेतील १५ केंद्रांवर अडीच हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या कसोटीत मोठ्या मांसांकुरांच्या बाबतीत आभासी तपासणीचे यश शेकडा ९० भरले. तात्पर्य, मोठा दाणा शोधण्यात दोघी बरोबरीच्या, लहान दाण्यात दुर्बीण थोडी सरस, आणि दोघीही चुकू शकतात.

आता या यंत्राच्या उण्या बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. पहिली, ते पाहते पण कापत नाही. मांसांकुर सापडला तर तो काढण्यासाठी दुर्बीण घालावीच लागते, आणि पुष्कळदा पुन्हा जुलाब घ्यावे लागतात. दुसरी, सपाट मांसांकुर त्याला हुलकावणी देऊ शकतात. पाच मिलिमीटरपर्यंतच्या बारीक कोंबांची तर नोंदच सहसा करीत नाहीत. तिसरी, क्ष-किरणांची मात्रा. हवा आणि भिंत यांतील फरक इतका ठळक असतो की कमी मात्रेवर काम भागते. ती साधारण चार-पाच मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी ठेवता येते. निसर्गातून वर्षाकाठी आपल्याला सुमारे अडीच मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. धोका अगदी थोडा, परंतु कारण नसताना घेऊ नये, आणि गर्भवती स्त्रीने तर टाळावाच. चौथी, पोटाच्या चित्रात मूत्रपिंड, यकृत, मोठी रक्तवाहिनी हेही दिसते. त्यातून कधी एखाद्याचा जीव वाचतो, तर कधी निरर्थक शंकेपायी तपासण्यांची माळ मागे लागते.

आणि पाचवी उणी बाजू यंत्राची नव्हे, समाजाची. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांच्या वैद्यकीय तपासणीत ही आभासी कोलोनोस्कोपी करण्यात आली. त्याच्या आदल्याच वर्षी, २००९ साली, त्याच देशाच्या वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याने, पुरावा पुरेसा नाही म्हणून, तक्रार नसलेल्या वृद्धांच्या या तपासणीचा खर्च देण्याचे नाकारले होते. कसोट्या बहुतांशी तरुणतर लोकांवर झाल्या आहेत, या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पण तो खर्च मिळू लागला १ जानेवारी २०२५ पासून, आणि तेव्हाच जुन्या बेरियमच्या तपासणीचे नाव त्या यादीतून गळले. राष्ट्राध्यक्षाच्या आतड्यापासून निवृत्त मजुराच्या आतड्यापर्यंत पोहोचावयास त्या श्रीमंत देशातही यंत्राला पंधरा वर्षे लागली.

आपल्याकडे काय करावे? येथे आम्ही घोषणा देणार नाही. "प्रत्येक कामगाराला सी. टी. स्कॅन मिळालाच पाहिजे" अशी मागणी टाळ्या घेईल, पण ती शहाणपणाची होणार नाही. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा कर्करोग आपल्याकडे कमी आहे, आणि आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांच्या तपासणीवर भर आहे, तो रास्तच आहे. मोठ्या आतड्यापुरती पहिली पायरी म्हणून शौचातील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधण्याची स्वस्त चाचणी आहे. तिला ना नळी लागते, ना क्ष-किरण. तिच्यात रक्त सापडले तर दुर्बीण करावी. ज्याच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला असेल त्याने चाळिशीतच डॉक्टरांना विचारावे. ज्याला दुर्बीण सोसत नाही, गुंगी देता येत नाही किंवा मामांप्रमाणे दुर्बीण मध्येच अडते, त्याला आभासी तपासणीचा मोठा आधार आहे. आणि ज्याला रक्त पडते आहे, शौचाची सवय आठवड्यामागून आठवडे बदलली आहे, विनाकारण वजन उतरते आहे किंवा रक्त कमी झाले आहे, त्याने कोणते यंत्र चांगले याचा घोळ घालीत न बसता डॉक्टर गाठावा. त्याला बहुधा दुर्बीणच लागेल. मूळव्याध असेलही, पुष्कळदा ती असतेच. पण ती आहे असे तपासणाऱ्याने सांगावे, सोसणाऱ्याने स्वतः ठरवू नये.

श्रोतेहो, माणसाने आतड्यात न शिरता आतडे पाहण्याची विद्या मिळविली, त्यासाठी दहा कोटी आकड्यांचे कोडे काही क्षणांत सोडविले. परंतु मामांना या विद्येचा लाभ झाला तो गाठ डोंगराएवढी झाल्यावर. त्या आधीच्या कित्येक वर्षांत त्यांच्या आतड्यात एक हरभऱ्याएवढा दाणा असला पाहिजे. तेव्हा कोणी विचारले असते तर तो सापडला असता. ती नोटीस आमच्या हातात होती. त्यात मामांच्या रोगाचे लक्षण व्यवस्थापनाने तारीखवार लिहून दिले होते. आम्ही ते अन्यायाचा पुरावा म्हणून वाचले. तो अन्याय होताच, पण कागदावर आणखीही काही लिहिलेले होते, ते आम्हांला वाचता आले नाही. मामांच्या घरच्यांनी आम्हांला कधी दोष दिला नाही, म्हणून तो फिटत नाही.

संडासात जाण्यावरून नोटीस मिळालेला कामगार आजही अधूनमधून आमच्या कचेरीत येतो. नोटिशीला उत्तर आम्ही देतोच, आणि कडक देतो. परंतु त्याआधी त्याला आत नेतो, दार लोटतो, पाण्याचा पेला पुढे करतो आणि विचारतो, "का रे बाबा, इतक्या वेळा का जावे लागते? रक्त पडते का?" पहिल्यांदा तो मान खाली घालतो. आम्ही थांबतो, आणि पुन्हा विचारतो.